ताराक्कांनी सोडलेला राग

ताराक्कांना राग यायचा, असं म्हणणं चूक आहे. यायला तो आधी कुठंतरी गेलेला असावा लागतो. त्यांचा राग घरातल्या माणसासारखा होता. त्यांच्याबरोबर उठे, चहा घेई आणि दुकानात येऊन शेजारी बसे.

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. एक लाकडी फळी, मागं काचेच्या बांगड्यांच्या माळा आणि पुढं मांडी घालून बसलेल्या ताराक्का. पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं बोलण्यात अधूनमधून कानडी डोकावे. सकाळी पहिला मान उन्हाचा असे. "आलं बघा, न बोलवता." मग नळाचं पाणी, मग नगरपालिका, मग नवरा. नवरा जिनाप्पाअण्णा. धार्मिक, बारीक आवाजाचे, बांगड्यांच्या माळा सोडवून देणारे. तीस वर्षांच्या संसारात ते एकूण किती वाक्यं बोलले असतील हे मी अंदाजानं सांगू शकेन.

मी साताऱ्याची. सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत लग्न होऊन या गल्लीत आले आणि दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी मला ताराक्कांच्या पुढ्यात नेऊन बसवलं.

ज्यांनी आयुष्यभर सोन्याच्याच बांगड्या घातल्या, त्यांना काचेची बांगडी भरणं काय असतं ते कळायचं नाही. मनगटाला नेमकी बसेल अशी बांगडी, मनगटाहून रुंद असलेल्या पंजावरून पुढं सारायची असते. भरून घेणारी बाई जितकी घाबरते तितका पंजा ताठतो. पंजा ताठला की काच फुटते आणि रक्त येतं. यावर बाकीचे कासार साबण लावत. ताराक्का भांडण लावत.

"हात दे. काय गं हे? हात हाय का पोळपाट?" त्यांनी माझा पंजा दोन्ही हातांत घेऊन चेपायला सुरुवात केली. "कुठली तू?"

"साताऱ्याची."

"तरीच. पेढासुद्धा भाजून खाणारी माणसं. मऊ काय असणार तुमच्यात?"

मी नवी नवरी होते, पण सातारा म्हणजे सातारा. म्हटलं, "कंदी पेढा खाल्लाय का तुम्ही कधी?"

"खाल्ला की. दाढ दुखली."

"शिळा असेल."

"सातारला ताजं काय असतंय ते तरी सांग."

मी सांगायला तोंड उघडलं. राजवाड्यापासून सुरुवात करणार होते. तेवढ्यात ताराक्का म्हणाल्या, "बघ, सहा गेल्या. आता दुसरा हात. आता तुझ्या सासूबद्दल बोलू." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या हसल्या. मला दुखलंसुद्धा नव्हतं.

हे त्यांचं कसब. समोरच्या बाईचं नेमकं काय दुखतं ते त्यांना हात हातात घेताच कळे. त्या तिथंच बोट ठेवत. बाई उत्तर द्यायला उसळली की तिचं हाताकडचं लक्ष उडे आणि पंजा सैल पडे. रडणाऱ्या नवरीसमोर त्या तिच्या होणाऱ्या सासूला बोलत, आणि नवरी पदराआड हसायला लागे. त्यांच्याकडून शिव्या खाल्ल्याशिवाय बांगड्या भरल्यासारखं वाटत नाही, असं बायका म्हणत.

आठवड्यातून एकदा त्या आटपाडीच्या बाजाराला जात. तिथला एक किस्सा जिनाप्पाअण्णांनी मला सांगितला, म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या वाक्यांपैकी निम्मी त्यात खर्ची पडली. सुट्टीवर आलेला एक फौजी बायकोला घेऊन आला. म्हणाला, "काचेच्या नगं. शेतात फुटत्यात. त्या रबराच्या द्या." ताराक्कांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "फौजेत हाईस न्हवं? सरकारला सांग, बंदुकीत रबराच्या गोळ्या घाला म्हणावं. लोखंडाच्या लागत्यात." मग त्याच्या बायकोकडं वळून, "तुला काय पायजे ते तू सांग की. ह्यो काय हातात घालून हिंडणार हाय?" बाईनं हिरव्या काचेच्या दोन डझन घेतल्या. फौजी जाताना ताराक्कांच्या पाया पडला. बांगड्या भरल्यावर कासारणीला नमस्कार करायची रीत बायकांची, पण त्याला ते कुठं ठाऊक. त्यालाही ताराक्कांनी आशीर्वाद द्यायच्या आधी झापलंच, "वाक नीट. पाठीत काठी घातलीया का?"

दुखणं कधी लागलं ते नेमकं सांगता येणार नाही. थंडीत त्यांची बोटं पांढरी पडायची, मग निळी, मग लालभडक. "बोटांत कुणीतरी राहायला आलंय," असं त्या म्हणत आणि चहाच्या पेल्याला हात लावून बसत. पुढच्या हिवाळ्यात बोटं सुजली आणि सूज उतरली तेव्हा कातडी बोटांना चिकटून बसलेली. चिमटीत धरता येईना. बोटांच्या टोकांना बारीक जखमा झाल्या, त्या भरेनात.

त्याच सुमाराला एक अजब गोष्ट झाली. ताराक्का तरुण दिसायला लागल्या. कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळ्यांच्या कडेच्या रेघा पुसल्या, चेहरा तुकतुकीत. गल्लीतल्या बायका लाडात येऊन विचारत, "काय लावता हो ताराक्का?" मीसुद्धा विचारलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. आतून कुणीतरी त्यांची कातडी करकचून आवळत होतं आणि आम्ही हळद का साय असं विचारत होतो.

"काय लावू? राग लावती," ताराक्का म्हणाल्या. "माझ्या आठ्या मी कष्टानं मिळवल्या हुत्या. कुठं गेल्या कुणास ठाव." मग तोंडही लहान झालं. लाडू चौथाई करून खावा लागे. "लाडू मावत न्हाई. शिव्या मावत्यात अजून. तेवढं बरं हाय."

हात ताठले तरी त्या बांगड्या भरत होत्या. बोटं वाकत नव्हती, म्हणून तळव्याच्या कडेनं चेपत. वेळ लागे. तेवढ्या वेळाला पुरेल इतकं भांडण त्यांच्याकडं होतं.

वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न साताऱ्याला निघालं. मी हट्ट धरला की चुडा भरायला ताराक्काच हव्यात. त्या आल्या. ओसरीवर बैठक पडली, बहीण पाटावर बसली, ताराक्कांनी हिरव्या बांगड्यांची माळ सोडली आणि तिचा हात हातात घेतला. माझी काकू समोर होती. तिची नजर ताराक्कांच्या बोटांवर गेली, बोटांच्या टोकांवरच्या जखमांवर गेली, आणि तिनं बहिणीचा हात मनगटाला धरून मागं ओढला.

काकू अतिशय गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही प्रवासानं दमला असाल. बांगड्या ठेवा इथं. आम्ही भरू आमच्या आमच्या."

"मी दमले न्हाई," ताराक्का म्हणाल्या.

"तसं नव्हे, पण हाताला काहीतरी..."

"काय झालंय हाताला? नाव घ्या की तोंडानं. म्हारोग म्हणायचंय न्हवं?"

काकूनं नाव घेतलं नाही. पदर नाकाला लावला. ओसरीवर चाळीस बायका होत्या. माझी आई होती, मी होते. आणि मी, जिला पेढ्यावरून राजवाड्यापर्यंत बोलता येत होतं, ती मी तोंड शिवल्यासारखी उभी राहिले. काकूचा मला राग आहेच. पण काकूनं निदान काहीतरी केलं, ते वाईट केलं. मी काहीच केलं नाही.

ताराक्का उठल्या. माळ उचलली नाही. नवरीसाठी काढलेला चुडा त्या परत नेत नसत. न जेवता स्टँडवर गेल्या. मी मागं धावले. बाकावर बसून त्या एसटी महामंडळाला शिव्या देत होत्या. मला बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "सातारकर, तुला इंग्रजी येतंय न्हवं?"

"येतं थोडं."

"मग मिरजंला चल माझ्यासंगं. मला कागुद पायजे. म्हारोग न्हाई असा, शिक्क्याचा." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि असंल तर तसा दे म्हणावं. मी दुकान बंद करती. पण कुणी नाकाला पदर लावला म्हणून न्हाई करायची."

ताराक्कांना त्या दिवसापासून एकच हवं होतं. बायकांनी पुन्हा न भिता त्यांच्या हातात हात द्यावा.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात एक किडकिडीत, चष्मेवाले डॉक्टर होते. त्यांनी ताराक्कांना डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणी घेतली. "टोचलं की सांगा." त्यांनी टोचलं, ताराक्कांनी एक शिवी दिली. दुसरीकडं टोचलं, दुसरी दिली. प्रत्येक बोटाला वेगळी. दहाव्या बोटाला डॉक्टर टाचणी खाली ठेवून म्हणाले, "यांची संवेदना उत्तम आहे. महारोगात ती जाते."

मग डॉक्टरांनी ताराक्कांच्या हातांवरून, दंडावरून, गालांवरून चिमटीनं कातडी धरायचा प्रयत्न केला. छाती तपासली, प्रेशर बघितलं. आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. कातडी घट्ट आणि कडक होत जाते. हात लावल्यानं कुणाला होत नाही. का होतो ते माहीत नाही. औषध? "बोटं थंडीत जपा," ते म्हणाले. खोटं बोलायचा त्यांना सराव नसावा.

"कागुद," ताराक्का म्हणाल्या. "मराठीत. आणि शिक्का मोठा."

त्यांनी लिहून दिला. वर दोन ओळी: हा महारोग नाही, हा स्पर्शानं पसरत नाही. त्याखाली आणखी चार ओळी: हा आजार मूत्रपिंडात शिरू शकतो, तरी दर महिन्याला ब्लडप्रेशर बघावे, डोके फार दुखल्यास किंवा नजर अंधुक झाल्यास त्याच दिवशी इकडे आणावे. मी एसटीत सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ताराक्का म्हणाल्या, "परत वाच. वरचं."

मी वरचं तीनदा वाचलं. गाडीतल्या लोकांनीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद फ्रेमवाल्याकडं नेला. तो म्हणाला, तयार फ्रेमीत बसत नाही, मोठा आहे. मी म्हटलं, शिक्का वर आहे ना, मग खालचं दुमडा मागं. मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

फ्रेम दुकानात माळांच्या मधोमध लागली. वाचता येणाऱ्या बायका वाचत, न येणाऱ्या शिक्का बघत, आणि तरी फळीपासून दोन हात लांब उभ्या राहत. चौथ्या दिवशी माझ्या सासूबाई गेल्या. नऊवारीचा काठ आवरून फळीवर बसल्या आणि हात पुढं केला. त्यांच्या हातात बांगड्या भरपूर होत्या, त्या आधी त्यांनी स्वतः काढून ठेवल्या होत्या. गल्ली बघत होती.

"काय म्हातारे," ताराक्का म्हणाल्या, "कशाला मुरडत आलीस?"

"बांगड्या भरायला. शिव्या दे आणि भर."

त्यानंतर बायका यायला लागल्या. सगळ्या नाही. निम्म्या.

आषाढात डोकं दुखायला लागलं. साधं नव्हे. ताराक्का कपाळाला पट्टी आवळून बसत आणि दुपारी दुकान बंद करून घेत. जिनाप्पाअण्णा त्यांना पेठेतल्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. हे डॉक्टर गोरेगोमटे, बोलके, सगळ्यांची चौकशी करणारे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला, पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग खुर्चीत मागं रेलून हसले.

"ताराबाई, प्रेशर फार वाढलंय. वाढणारच. सगळी पेठ ऐकते तुमचं. राग सोडा. राग सोडलात तर गोळीची गरज नाही, आणि नाही सोडलात तर गोळीचा उपयोग नाही."

वाक्य कसं छान जुळलेलं आहे बघा. जुळलेल्या वाक्यांची मला तेव्हापासून भीती वाटते. त्यांनी लघवी तपासली नाही. दुकानातला कागद त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी पाहिला होता, वाचला होता, दुमडलाही होता. पण प्रेशर म्हटल्यावर मला तो कागद आठवला नाही. राग आठवला. सगळ्यांनाच तो आठवला. इतकं सोपं कारण समोर बसलेलं असताना दुसरं शोधायला कोण जातंय?

मग गल्लीभर ताराक्कांना शांत करायची मोहीम निघाली. जी ती येऊन सांगायची, "ताराक्का, मनाला लावून घेऊ नका." दूधवाला, पोस्टमन, फ्रेमवाला. मीसुद्धा. मी ओव्याचा काढा घेऊन गेले आणि म्हटलं, "ताराक्का, थोडं सबुरीनं घ्या." त्यांनी माझ्याकडं बघितलं. काही बोलल्या नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जैनांत चातुर्मासात काही ना काही सोडायचा नियम घेतात. कुणी कंदमुळं सोडतं, कुणी हिरवी भाजी, कुणी गोड. जिनाप्पाअण्णांनी हात जोडले. "ह्या वर्षी राग सोड. चार महिनं. जगशील तरी." ताराक्का बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात गेल्या, देवापुढं उभ्या राहिल्या आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत राग करणार नाही, असा नियम घेतला. बायका बटाटा सोडतात तसा ताराक्कांनी राग सोडला.

आणि पाळला. हे मी बघितलं आहे. ऊन दुकानात आलं, त्या गप्प. नळाला पाणी आलं नाही, त्या गप्प. गिऱ्हाईक आलं की त्या म्हणायच्या, "बसा. हात जरा ढिला सोडा हं." तो आवाज ऐकून बायकांच्या अंगावर काटा यायचा. त्यांच्या ओरडण्याला जी कधी भ्याली नव्हती, ती त्या 'हं'ला भ्यायची. पंजे लाकडासारखे ताठायचे. काच फुटायची. श्रावणात, सणावारात, जेव्हा कासाराला पाणी प्यायला फुरसत नसते, तेव्हा त्यांच्या फळीपुढं फुटक्या काचांचा ढीग साठला. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. ताराक्का तो ढीग बघत मऊ आवाजात म्हणायच्या, "लय वाढल्या आज." मी बांगड्या भरायला गेले, तर माझ्या अंगठ्याच्या मुळाशी काच घुसली. "लागलं का गं बाई?" असं त्यांनी मला विचारलं. गं बाई. मी घरी येऊन रडले, आणि ते हाताला लागलं म्हणून नव्हे.

कागदानं निम्म्या बायका परत आणल्या होत्या. शांतपणानं त्या घालवल्या.

डोकं दुखायचं राहिलं नाही, उलट वाढलं. पाय सुजले. रात्री आडवं झालं की दम लागे. भादव्यात एकदा मी हिरव्या बांगड्या मागितल्या, तर त्यांनी काळ्या काढल्या. "हिरव्याच हायेत की," म्हणाल्या. मग माळ डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

पेठेतल्या डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. पारा आणखी वर. जिनाप्पाअण्णा म्हणाले, "डाक्टर, दोन म्हैनं झालं, शबूद न्हाई काढला हिनं."

डॉक्टरांना उत्तर तयार होतं. "बाहेर काढत नाहीत, म्हणजे आत धरून ठेवलाय. आतला राग जास्त वाईट."

त्या दिवशी ताराक्का माझ्या दारात आल्या. जोत्यावर टेकल्या, दम घेतला. म्हणाल्या, "सातारकर, तू शिकलेली. बघ बरं माझ्याकडं. आत हाय का गं अजून राग? मी लय हुडकला. मला तर कुठं घावंना."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या सुरकुती नसलेल्या, तुकतुकीत चेहऱ्याकडं. आणि मला तो कागद आठवला. मी तशीच पायांत काही न घालता दुकानात गेले, फ्रेम उतरवली, मागची पाठ उचकटली आणि दुमडलेलं सरळ केलं. त्याच दिवशी इकडे आणावे.

तासाभरात आम्ही मिरजेत होतो. ते किडकिडीत डॉक्टर लघवी बघून, रक्त बघून आले. मला आणि अण्णांना बाजूला घेतलं. आजार मूत्रपिंडात शिरला होता. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बोटांच्या कातडीसारख्याच आवळत चालल्या होत्या. प्रेशर त्यानं वाढलं होतं, मूत्रपिंड जवळजवळ बंद पडलं होतं. औषधं सुरू केली होती, पण त्यांना दाद मिळेल असं दिसत नव्हतं. रक्त धुवायचं मशीन मुंबईत, आणि मुंबईपर्यंतचा प्रवास झेपणार नाही.

"आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला. "खरं सांगू? तरी बहुतेक वाचल्या नसत्या. या आजारात किडनी गेली की आमच्याकडं फार काही नाही. पण डोकं इतकं दुखू दिलं नसतं. नजर थोडी टिकवली असती. आणि त्यांना गप्प बसा असं मी तरी सांगितलं नसतं. रागाचा यात काहीही संबंध नाही."

"काहीच न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"काहीच नाही."

अण्णा वॉर्डात गेले. ताराक्का उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं, किंवा अण्णांच्या तोंडावरून ओळखलं असावं. म्हणाल्या, "मग नियम कशाला घेतला वो मी?"

अण्णांनी आयुष्यात कधी नियम मोडला नव्हता. सूर्य बुडाल्यावर तोंडात घास घातला नव्हता. ते खाटेच्या कडेला बसले, ताराक्कांचा तो ताठलेला हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "मोडला. मी मोडला. पाप माज्यावर. तारे, रागव. आता रागव."

ताराक्कांनी सुरुवात नवऱ्यापासूनच केली. "एवढी अक्कल दोन म्हैन्यामागं कुठं ठेवली हुती?" आवाज बसलेला होता, तोंड उघडत नव्हतं, दम पुरत नव्हता, तरी एकेक जण घेतला. पेठेतले डॉक्टर, त्यांची खुर्ची, त्यांचं हसणं. सगळी सबुरीवाली गल्ली. माझी काकू, पदरासकट. आणि मी. "तू. तोंड शिवून हुबी हुतीस सातारला. मी बघत हुती." आत्तापर्यंत एकदाही त्या हे बोलल्या नव्हत्या. अण्णा रडत होते आणि मान हलवत होते, जणू कुणी बऱ्याच दिवसांनी घरी आलं आहे.

चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

पुढं मी पेठेतल्या डॉक्टरांकडं जाऊन तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली. म्हणाले, "पण बाई रागीट होत्याच ना हो." मी त्यांना काय म्हटलं ते छापण्याजोगं नाही. ताराक्कांकडून शिकलेलं सगळं त्या पाच मिनिटांत वापरलं, आणि ते कमीच पडलं. इतकी वर्षं झाली, अजून मला रस्त्यात एखादी बाई मोठ्यानं भांडताना दिसली आणि कुणी म्हणालं, 'प्रेशर असेल,' तर माझे कान तापतात.

मी ताराक्कांना शेवटचं बघितलं ते त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारी. मी डबा घेऊन वॉर्डाच्या दारात पोचले, तर खाटेभोवती गर्दी. पण ती डॉक्टरकी शिकणारी पोरं होती, आठ-दहा जण, पांढऱ्या कोटांत. असला आजार सहसा बघायला मिळत नाही म्हणून किडकिडीत डॉक्टरांनी त्यांना आणलं होतं. एकेकानं पुढं होऊन ताराक्कांचा हात हातात घ्यायचा, बोटं चाचपायची, कातडी चिमटीत येते का बघायचं. डॉक्टर ताराक्कांना विचारत होते, "चालेल ना तुम्हाला?"

"त्यास्नी इचारा चालंल का," ताराक्का म्हणाल्या. "हात धुतल्यात का रं? दाखवा. ह्यो बघा, नखात शाई. जा, धुऊन ये."

पोरगा खरंच गेला. बाकीचे ओळीत उभे राहिले. एकानं हात धरला, त्याला त्या म्हणाल्या, जोरात दाब, मी काय पापड हाय मोडायला. दुसऱ्याला विचारलं, आई जेवायला घालत न्हाई का. पोरं हसायला लागली. शेवटी एक मुलगी होती, लांब वेणीची, घाबरलेली. तिनं दोन बोटांनी ताराक्कांच्या तळव्याला नुसता स्पर्श केला आणि मागं सरली.

"ए. इकडं ये. तसा न्हाई. दोन्ही हातांनी धर."

मुलीनं दोन्ही हातांनी धरला.

"आता सोडू नगंस मी सांगूस्तवर." दम घ्यायला त्या थांबल्या. मग अंधुक नजरेनं त्यांनी त्या पांढऱ्या कोटांच्या ओळीकडं बघितलं आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पुन्यांदा पहिल्यापासनं. समद्यांनी धरायचा. मागं कोण राह्यला तर बघा."